निवडणूक, विधानसभा आणि न्यायालय: गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंचायत, पालिका किंवा विधानसभेची निवडणूक तोंडावर आली की तेच प्रश्न नव्याने येतात. त्यांतले नेहमीचे इथे घेतले आहेत. आधी प्राथमिक, मग अडचणीचे. ज्याचे उत्तर दुसऱ्या प्रश्नात येऊन गेले आहे तिथे फक्त त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. निवडणुकीचे कायदे करते कोण? पर्वरीची विधानसभा की दिल्लीची संसद?

कुठली निवडणूक, त्यावर अवलंबून आहे. लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकांचे कायदे घटनेच्या अनुच्छेद ३२७ खाली संसद करते. १९५० आणि १९५१ चे लोकप्रतिनिधित्व कायदे ते हेच. अनुच्छेद ३२८ राज्याच्या विधानसभेलाही अधिकार देतो, पण संसदेने जे सोडले असेल तेवढ्यापुरताच, आणि संसदेने फारसे काही सोडलेले नाही. म्हणजे गोव्याचे ४० आमदार आपल्याच निवडणुकीचे नियम बदलू शकत नाहीत.

स्थानिक संस्थांचे उलट आहे. १९१ ग्रामपंचायती, प्रत्येकी २५ मतदारसंघांच्या दोन जिल्हा पंचायती, १३ नगरपालिका आणि पणजी महापालिका यांचे कायदे गोवा विधानसभा करते: गोवा पंचायत राज कायदा १९९४, गोवा नगरपालिका कायदा १९६८, पणजी महापालिकेचा २००२ चा कायदा. अर्थात त्यांना घटनेच्या भाग ९ (पंचायती) आणि ९-अ (पालिका) ची चौकट आहेच. गोव्यात सरकार आणि न्यायालय यांची ओढाताण मुख्यतः या दुसऱ्या गटातच होते, कारण इथेच सरकारच्या हातात काहीतरी असते.

२. निवडणूक आयोग आणि राज्य निवडणूक आयोग एकच ना?

नाही. भारताचा निवडणूक आयोग अनुच्छेद ३२४ खाली येतो. गोव्यात त्याचे काम मुख्य निवडणूक अधिकारी पाहतात. राज्य निवडणूक आयोग अनुच्छेद २४३-के खालचा. पंचायती आणि पालिका त्याच्याकडे. पालिकेच्या प्रभागाची तक्रार मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे देऊन पंधरा दिवस वाट पाहणारे लोक दर वेळी भेटतात. तक्रार खरी असूनही ते पंधरा दिवस फुकट जातात.

३. ‘निवडणुकीत न्यायालय हात घालू शकत नाही’ असे सगळे म्हणतात. खरे आहे का?

अर्धे खरे आहे. विधानसभा-लोकसभेसाठी अनुच्छेद ३२९, पंचायतींसाठी २४३-ओ आणि पालिकांसाठी २४३-झेडजी अशा तीन ठिकाणी ही मनाई लिहिलेली आहे. तिन्हींचे दोन भाग आहेत. पहिला भाग: मतदारसंघांची आखणी आणि जागांचे वाटप करणाऱ्या कायद्याच्या वैधतेवर न्यायालयात प्रश्न उभा करता येत नाही. दुसरा भाग: निवडणुकीला आव्हान द्यायचे ते निवडणूक याचिकेनेच.

इथे ‘निवडणूक’ म्हणजे फक्त मतदानाचा दिवस नव्हे. पोन्नुस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५२ सालीच ठरवून टाकले की अधिसूचनेपासून निकाल जाहीर होईपर्यंतची सगळी प्रक्रिया म्हणजे निवडणूक. त्यामुळे पहिला प्रश्न नेहमी तारखेचा असतो. अधिसूचना निघण्याआधी पर्वरीतल्या उच्च न्यायालयाचे दार बऱ्यापैकी उघडे असते, अधिसूचना निघाली की जवळजवळ बंद होते, आणि निकालानंतर निवडणूक याचिकेची खिडकी ठरावीक दिवसांपुरती उघडते. मुद्दा कितीही बळकट असला तरी चुकीच्या दिवशी नेला तर तो ऐकला जात नाही.

४. मग प्रभाग आरक्षण चुकले तर दाद मागता येते की नाही? तेही जागावाटपच आहे ना?

येते, आणि हे ठरले ते गोव्याच्याच प्रकरणात. गोवा राज्य विरुद्ध फौझिया इम्तियाज शेख या १२ मार्च २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कायदा आणि कायद्याखाली काढलेला आदेश यांत स्पष्ट रेघ ओढली. विधानसभेने केलेल्या कायद्यातील आखणी-वाटपाच्या तरतुदीला न्यायालयाने हात लावायचा नाही. पण त्या तरतुदीखाली नगरपालिका प्रशासन संचालकाने किंवा सरकारने जो आदेश काढला, तो न्यायालयात तपासता येतो. अपवाद एकच: कायद्यानेच त्या आदेशाला कायद्याचा दर्जा दिलेला असेल तर नाही.

आता व्यवहारात याचा अर्थ काय? याचिकेत ‘नगरपालिका कायद्याचे अमुक कलम घटनाबाह्य आहे’ असे लिहाल तर तुम्ही आपणहून मनाईच्या कुंपणात शिरता. ‘अमुक तारखेचा आदेश अनुच्छेद २४३-टी (पालिकांतले आरक्षण) आणि कायद्याशी विसंगत आहे’ असे लिहाल तर बाहेर राहता. वस्तुस्थिती तीच, राग तोच. पण मागणी कशी मांडली यावर प्रकरण टिकते किंवा पडते.

५. २०२१ च्या पालिका निवडणुकीत नक्की काय झाले होते?

अकरा पालिकांची मुदत ४ नोव्हेंबर २०२० रोजी संपत होती. त्याच्या आदल्या दिवशी, ३ नोव्हेंबरला, राज्याच्या कायदा सचिवांकडे राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त भार सोपवला गेला. कोविडमुळे निवडणुका पुढे ढकलल्या. ४ फेब्रुवारी २०२१ रोजी प्रभागांच्या आरक्षणाचा आदेश निघाला. त्यात महिलांच्या जागा कमी पडत होत्या, शिवाय इतर आरक्षणाबद्दलही तक्रारी होत्या. लोक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेले. याचिका न्यायालयासमोर असतानाच २२ फेब्रुवारीला निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर करण्यात आला.

१ मार्च रोजी खंडपीठाने मडगाव, म्हापसा, मुरगाव, केपे आणि सांगे या पाच पालिकांपुरता आरक्षणाचा आदेश रद्द केला. राज्य सरकार दिल्लीला गेले, मनाई आडवी येते असा त्याचा युक्तिवाद होता. तो चालला नाही. सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा निकाल कायम ठेवला, दहा दिवसांत नवे आरक्षण जाहीर करा आणि ३० एप्रिलपर्यंत निवडणूक पूर्ण करा असे सांगितले. पणजी महापालिका आणि बाकीच्या सहा पालिकांचे मतदान २० मार्चला झाले, या पाचांचे २३ एप्रिलला. (साखळी आणि फोंडा या गोंधळात नव्हत्या, त्यांचे वेळापत्रक वेगळे, मतदान मे २०२३ मध्ये झाले.)

आमच्या मते या प्रकरणातला सगळ्यात बोलका तपशील २२ फेब्रुवारीची तारीख हा आहे. कार्यक्रम जाहीर केला की मनाई लागू होते हे ज्यांना ठाऊक असते, त्यांना घाई का होते हे सांगायला नको.

६. आयुक्तपदावर सरकारी अधिकारी नेमण्यात इतके काय बिघडले?

ज्याच्या आदेशांवर लक्ष ठेवायचे त्याचाच नोकर लक्ष ठेवायला बसवला, हे. सर्वोच्च न्यायालयाने याच निकालात सांगितले की केंद्र किंवा राज्य सरकारच्या सेवेत असलेल्या कुणालाही राज्य निवडणूक आयुक्त नेमता येणार नाही, आणि असा भार सांभाळणाऱ्यांनी पद सोडावे. हा आदेश फक्त गोव्यापुरता नव्हता, सगळ्या राज्यांना होता. आयुक्ताला पदावरून काढायचे तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याचीच पद्धत वापरावी लागते. अतिरिक्त भार मात्र एका ओळीच्या आदेशाने काढून घेता येतो.

७. एक तृतीयांश महिला आरक्षणाचा हिशेब कसा करायचा? २५ प्रभागांत आठ जागा पुरेत की नाही?

पुरत नाहीत. घटनेचे शब्द ‘एक तृतीयांशापेक्षा कमी नाही’ असे आहेत. २५ भागिले ३ म्हणजे ८.३३. आठ जागा म्हणजे ३२ टक्के, म्हणजे तृतीयांशापेक्षा कमी. म्हणून नऊ. २० प्रभागांत सात, १० प्रभागांत चार. अपूर्णांक अर्ध्याच्या खाली असला की सोडून द्यायचा ही शाळेतली सवय इथे चालत नाही. अपूर्णांक उरला की वरचाच आकडा.

दुसरी चूक बेरजेत होते. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गाच्या राखीव जागांमधल्या महिलांच्या जागा या एकूण तृतीयांशात धरायच्या असतात, शिवाय अनुसूचित जाती आणि जमातीच्या राखीव जागांमध्येही स्वतंत्रपणे किमान तृतीयांश महिलांसाठी हव्यात. दोन्ही हिशेब वेगवेगळे करून पाहावेत. एक बरोबर आला म्हणजे दुसरा येतोच असे नाही.

८. आमच्या प्रभागाचे आरक्षण चुकीचे वाटते. क्रमाने काय करायचे?

आदेशाची राजपत्रातली प्रत मिळवा. व्हॉट्सअॅपवर फिरणारा तक्ता याचिकेला जोडता येत नाही. मग प्रभागनिहाय लोकसंख्या, त्यातली अनुसूचित जाती-जमातीची संख्या आणि मागच्या निवडणुकीतले आरक्षण एका कागदावर आणा. फिरत्या आरक्षणाची तक्रार असेल तर मागचे दोन कार्यक्रम तरी समोर हवेत. हे आकडे नसतील तर ‘अन्याय झाला’ यापलीकडे याचिकेत काही उरत नाही.

लेखी हरकत पालिकेच्या बाबतीत नगरपालिका प्रशासन संचालकांकडे, पंचायतीच्या बाबतीत पंचायत संचालनालयाकडे द्या, आणि त्याची एक प्रत राज्य निवडणूक आयोगाला जरूर द्या. पोचपावतीवर तारीख असू द्या. आयोगाला प्रत देणे हा उपचार नव्हे. फौझिया शेख निकालात म्हटले आहे की आखणी-वाटपाबाबतची मनाई न्यायालयांना आहे, आयोगाला नाही. घटनेविरुद्ध आदेश निघाला असेल तर तो दुरुस्त करून घेणे हे आयोगाचे कर्तव्य आहे, आणि हे तो प्रक्रियेच्या आधीही करू शकतो, मध्येही. सरकार ऐकत नसेल तर आयोग स्वतः उच्च न्यायालयात जाऊ शकतो.

उत्तराची वाट पाहत मात्र बसू नका. अनुच्छेद २२६ खालची (उच्च न्यायालयातली रिट) याचिका तयार ठेवा, त्यात सरकार, संचालक आणि आयोग तिघांनाही प्रतिवादी करा, आणि पहिल्याच सुनावणीत ‘निकाल लागेपर्यंत कार्यक्रम जाहीर करणार नाही’ अशी हमी मागा. पाच जण मिळून जात असाल तरी प्रत्येक प्रभागाचा तपशील वेगळा मांडा. एका प्रभागाचा मुद्दा पडला की बाकीचे त्याच्यासोबत पडू नयेत.

९. याचिका चालू असतानाच निवडणूक जाहीर झाली तर?

याचिका आपोआप मरत नाही. २०२१ मध्ये नेमके हेच झाले होते (प्रश्न ५). वेळेत गेलेल्याला न्यायालय सहसा कार्यक्रमाच्या तारखेवरून परत पाठवत नाही. निवडणुकीनंतर गेलेल्याची गोष्ट वेगळी. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २००० साली अशोक कुमार प्रकरणात म्हटल्याप्रमाणे, प्रक्रियेत अडथळा न आणता ती सुरळीत पार पडायला मदत होईल किंवा महत्त्वाचा पुरावा नष्ट होण्यापासून वाचेल, अशी मर्यादित मागणी मधल्या काळातही ऐकता येते. मतदान थांबवा ही मागणी त्यात बसत नाही.

१०. छाननीत उमेदवारी अर्ज बाद केला. लगेच न्यायालयात जाता येईल?

नाही, आणि हे ऐकून माणूस चिडतो ते साहजिक आहे. पोन्नुस्वामी प्रकरण नेमके याच विषयावरचे होते. आधी निवडणूक होऊ द्यायची, मग याचिका. मात्र एक दिलासा आहे. १९५१ च्या कायद्याच्या कलम १०० प्रमाणे एखादा अर्ज चुकीने फेटाळला असे सिद्ध झाले की निवडून आलेल्याची निवडणूक रद्द होते; तुम्ही जिंकला असता का, किती मते पडली असती, हे दाखवावे लागत नाही. उलट दुसऱ्याचा अर्ज चुकीने स्वीकारला अशी तक्रार असेल तर त्याचा निकालावर ठोस परिणाम झाला हे सिद्ध करावे लागते, आणि ते अवघड असते.

म्हणून छाननीच्या टेबलावरच निर्वाचन अधिकाऱ्याकडून अर्ज फेटाळल्याची कारणे लेखी घ्या. तोंडी वादावादीचा पुढे काही उपयोग नाही.

११. मुदत संपली तरी सरकार पंचायतीच्या निवडणुका पुढे ढकलू शकते का? पावसाळ्याचे कारण देऊन?

घटनेप्रमाणे पंचायतीची मुदत पाच वर्षे, ‘त्याहून अधिक नाही’, आणि नवी निवडणूक ती संपण्याआधी पूर्ण व्हायला हवी (अनुच्छेद २४३-ई, पालिकांसाठी २४३-यू). किशनसिंग तोमर प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हे बंधनकारक असल्याचे सांगितले. नैसर्गिक आपत्तीसारखी खरोखरच असाधारण स्थिती असेल तर गोष्ट वेगळी. कोविडमुळे २२ मार्च २०२० चे जिल्हा पंचायत मतदान १२ डिसेंबरला गेले, ते या प्रकारातले. पाऊस मात्र गोव्यात दर जूनला येतो. त्याला अनपेक्षित म्हणणे कठीण आहे.

२०२२ मध्ये १८६ पंचायतींची मुदत जूनमध्ये संपत असताना सरकारने पावसाळा आणि इतर मागासवर्गाची आकडेवारी ही कारणे दिली. गोवा खंडपीठाने २८ जून रोजी ४५ दिवसांत निवडणूक पूर्ण करण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. १० ऑगस्टला, भर पावसात, मतपत्रिकेवर मतदान झाले.

इतर मागासवर्गाच्या आकडेवारीचे कारण का टिकत नाही? मार्च २०२१ च्या विकास गवळी निकालाने तीन अटी घातल्या: स्वतंत्र आयोगाकडून मागासलेपणाचा अभ्यास, प्रत्येक संस्थेनुसार ठरवलेले प्रमाण, आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत. या पूर्ण नसतील तर त्या जागा खुल्या धरून निवडणूक घ्यायची, थांबायचे नाही, असे मे २०२२ च्या सुरेश महाजन निकालात आणखी स्पष्ट झाले. अभ्यास न करणे आणि मग तो झाला नाही म्हणून निवडणूक पुढे ढकलणे, या दोन्ही गोष्टी एकच सरकार करत असेल तर न्यायालयाला त्याचे कौतुक नसते.

१२. न्यायालयाचा निकाल विधानसभा नवा कायदा करून फिरवू शकते का?

निकालाचा पाया काढून घेऊ शकते, निकाल खोडू शकत नाही. समजा न्यायालय म्हणाले की अमुक अधिकाऱ्याला आखणीचा अधिकार कायद्यात नव्हता, तर विधानसभा कायदा दुरुस्त करून, अगदी मागील तारखेपासूनही, तो अधिकार देऊ शकते. पृथ्वी कॉटन मिल्स (१९६९) निकालापासून हीच कसोटी आहे. पण ‘न्यायालयाने काहीही म्हटले असले तरी ही निवडणूक वैध’ एवढेच लिहिलेला कायदा टिकत नाही. आणि मुद्दा घटनेचाच असेल, उदाहरणार्थ महिलांचा तृतीयांश, तर राज्याच्या कायद्याने काहीच साधत नाही.

संसदेनेही हे करून पाहिले आहे. १९७५ मध्ये पंतप्रधानांच्या निवडणुकीला न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवणारा अनुच्छेद ३२९-ए घटनादुरुस्तीने आणला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी त्याचा वादग्रस्त भाग रद्द केला. २००२ मध्ये उमेदवारांनी गुन्हे आणि मालमत्ता जाहीर करावी या निकालाला बगल देणारे कलम ३३-बी १९५१ च्या कायद्यात आणले. तेही २००३ मध्ये गेले. मात्र प्रत्येक वेळी न्यायालयाचाच शब्द शेवटचा ठरतो असे नाही. निवडणूक आयुक्तांच्या निवड समितीत सरन्यायाधीश असावेत अशी व्यवस्था मार्च २०२३ च्या निकालाने केली होती, पण संसद कायदा करेपर्यंतच. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने कायदा केला आणि सरन्यायाधीशांच्या जागी केंद्रीय मंत्री आला.

१३. गोवा विधानसभेत अनुसूचित जमातीला राखीव जागा हव्यात. विधानसभेने ठराव केला किंवा उच्च न्यायालयाने आदेश दिला की झाले, असे का नाही?

कारण विधानसभेतल्या राखीव जागा अनुच्छेद ३३२ खाली येतात आणि त्या प्रत्यक्ष आखून द्यायला संसदेचा कायदा लागतो. गावडा, कुणबी आणि वेळीप यांचा अनुसूचित जमातीत समावेश झाला २००३ मध्ये. पण मतदारसंघांची आखणी त्यानंतरही २००१ च्या जनगणनेवर होती. २०११ च्या जनगणनेत गोव्याच्या १४,५८,५४५ लोकसंख्येत अनुसूचित जमाती १,४९,२७५ आणि अनुसूचित जाती २५,४४९ अशी नोंद आहे. तरी पेडणे अनुसूचित जातीला राखीव आणि जमातीला एकही जागा नाही, अशी स्थिती राहिली. १० टक्क्यांच्या हिशेबाने ४० मध्ये चार जागा बसतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने गोव्यापुरते स्वतंत्र विधेयक मंजूर केले. त्याप्रमाणे जनगणना आयुक्तांनी जमातीची लोकसंख्या अधिसूचित करायची आणि निवडणूक आयोगाने आखणीच्या आदेशात फेरबदल करायचे. पंचायत-पालिकांत हे आरक्षण आधीच आहे, कारण तिथला कायदा राज्याचा (प्रश्न १).

१४. मतदारसंघाची हद्दच मुद्दाम वाकडी आखली असेल तर?

विधानसभा मतदारसंघाची हद्द परिसीमन आयोग ठरवतो. त्याचा आदेश राजपत्रात आला की त्याला कायद्याचे बळ मिळते आणि न्यायालयात आव्हान देता येत नाही, हे मेघराज कोठारी प्रकरणापासून (१९६६) चालत आले आहे. प्रश्न ४ मधला अपवाद तो हाच. अलीकडे, २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने एक फट ठेवली आहे: आदेश उघड उघड मनमानी आणि घटनेच्या मूल्यांशी विसंगत असेल तर न्यायालय तपासू शकते. या फटीवर फार भिस्त ठेवू नका. खरी संधी मसुदा जाहीर होऊन हरकती मागवल्या जातात तेव्हाच असते.

पालिका प्रभाग आणि पंचायत वाड्यांच्या हद्दींना प्रश्न ४ आणि ८ चे उत्तर लागू.

१५. मतदार यादीत बाहेरची नावे घुसडली आहेत. यादीवर स्थगिती मिळेल का?

यादीसाठी निवडणूक थांबत नाही, हे १९८५ च्या लक्ष्मी चरण सेन निकालापासून पक्के आहे. नावावर हरकत घ्यायची ती नमुना ७ मध्ये, एकेका नावावर, कारणासह. मतदार नोंदणी अधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसेल तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तिथेही नाही जमले तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील. दिवाणी न्यायालयाला यात अधिकार नाही. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की निवडणूक पूर्ण होईपर्यंत यादीत फेरफार होत नाही. त्यामुळे प्रचाराच्या ऐन धामधुमीत ‘एकाच घरावर चाळीस नावे’ असे सांगत फिरणे हा फक्त प्रचारच ठरतो.

१६. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी जन्माची नोंद लिस्बनला झाली आहे. मतदार म्हणून किंवा उमेदवार म्हणून अपात्र ठरवणार कोण?

हा प्रश्न गोव्याबाहेर कुणी विचारणार नाही. मतदार यादीत नाव असायला भारतीय नागरिक असावे लागते. पण एखाद्याने स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की नाही, हे ठरवण्याचा अधिकार नागरिकत्व कायद्याच्या कलम ९(२) प्रमाणे केंद्राच्या प्राधिकरणाकडे आहे. प्रतिस्पर्ध्याने छाननीच्या दिवशी कागद फडकावला म्हणून हा निवाडा टेबलावर होत नाही. नोंद, राष्ट्रीय ओळखपत्र आणि पासपोर्ट या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि तुम्ही कुठल्या पायरीवर आहात हे वकिलाला कागदांसह दाखवा. पासपोर्ट हातात असेल तर मतदार यादीतले नाव ठेवण्याचा मोह टाळलेला बरा.

१७. आमदाराच्या निवडणुकीविरुद्ध निवडणूक याचिका करायची आहे. कुठे चुकते?

बहुतेक याचिका मुद्द्यावर हरत नाहीत, दारातच पडतात. मुदत निकालापासून ४५ दिवस. उशीर माफ होत नाही. मुदत कायद्यातली सवलत इथे लागू नाही हे १९७४ मध्येच ठरले आहे. याचिका उच्च न्यायालयात, म्हणजे गोवा खंडपीठात, त्या निवडणुकीतला उमेदवार किंवा मतदार करू शकतो. २,००० रुपये अनामत. जितके प्रतिवादी तितक्या प्रती, आणि प्रत्येक प्रत खरी असल्याची याचिकाकर्त्याची स्वतःची सही. फक्त निवडणूक रद्द करा म्हणत असाल तर विजयी उमेदवार प्रतिवादी. मला निवडून आलेला घोषित करा असेही म्हणत असाल तर रिंगणातले सगळे उमेदवार. यात एक नाव सुटले की कलम ८६ खाली याचिका फेटाळली जाते.

भ्रष्ट आचरणाचा आरोप असेल तर नमुना २५ मधले प्रतिज्ञापत्र लागते. कुणी, कधी, कुठे, कुणाला, किती दिले हे लिहावे लागते. ‘सर्वत्र पैसे वाटले’ हे वाक्य चौकात चालते, याचिकेत नाही. सहा महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून वेळ लागतो. निकालावर सर्वोच्च न्यायालयात ३० दिवसांत अपील.

१८. पंचायत किंवा पालिकेसाठीही हेच नियम का?

नाही. कायदा वेगळा, न्यायाधिकरण वेगळे, मुदत वेगळी. प्रश्न १७ मधले ४५ दिवस इथे धरू नका. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी संबंधित राज्य कायदा उघडून मुदत मोजायला सुरुवात करा.

१९. थोडक्या मतांनी हरलो. फेरमोजणी कशी मागायची?

मतमोजणीच्या खोलीतच, लेखी, कारणांसह, आणि नमुना २० वर निर्वाचन अधिकाऱ्याची सही होण्याआधी. एकदा निकाल जाहीर झाला की फक्त याचिका उरते, आणि ‘फरक कमी आहे’ हे एकटे कारण न्यायालय मानत नाही. मोजणी प्रतिनिधीने कुठल्या टेबलावर कुठल्या फेरीत काय चुकले ते तेव्हाच टिपून ठेवलेले असेल तरच पुढे काही हाती लागते. यंत्रांबद्दल शंका असेल तर २६ एप्रिल २०२४ च्या निकालाप्रमाणे दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवार विधानसभा क्षेत्रातल्या ५ टक्के यंत्रांची तपासणी मागू शकतो. मुदत निकालापासून सात दिवस, खर्च आधी स्वतः भरायचा.

२०. एका पक्षातून निवडून येऊन दुसऱ्यात गेलेल्या आमदाराला न्यायालय घरी का पाठवत नाही?

कारण घटनेच्या दहाव्या अनुसूचीखाली, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याखाली, पहिला निवाडा सभापतींचा. किहोतो होलोहान (१९९२) निकालानंतर तो न्यायालयात तपासता येतो, पण सभापतींनी तो दिल्यावर. या विषयाच्या कायद्यात गोव्याचे योगदान मोठे आहे, अभिमानाने सांगावे असे नसले तरी. सभापतींना स्वतःच्याच अपात्रतेच्या आदेशाचे पुनर्विलोकन करता येत नाही, हे काशिनाथ जल्मी प्रकरणात १९९३ मध्ये ठरले. राजीनामा न देताही वागणुकीवरून पक्ष सोडल्याचे ठरू शकते, हे रवी नाईक प्रकरणात १९९४ मध्ये.

अडचण वेळेची आहे. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपमध्ये विलीनीकरण केले. सभापतींचा निवाडा आला २० एप्रिल २०२१ ला. विलीनीकरण ग्राह्य धरणारा उच्च न्यायालयाचा निकाल आला २४ फेब्रुवारी २०२२ ला, आणि पुढच्या विधानसभेचे मतदान १४ फेब्रुवारीलाच होऊन गेले होते. सभापतींनी साधारण तीन महिन्यांत निर्णय द्यावा असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे. न दिल्यास उच्च न्यायालयात दाद मागता येते. लाभाचे पद, दिवाळखोरी अशा इतर अपात्रतेचा निर्णय मात्र सभापती नव्हे, राज्यपाल देतात, तोही निवडणूक आयोगाच्या मतानुसार (अनुच्छेद १९२).

२१. अमेरिकेत म्हणे निवडणुकीबाबत राज्य विधिमंडळच सर्वोच्च आहे. आपल्याकडे तसे का नको?

तिथेही तसे नाही. तिथल्या घटनेत संघीय निवडणुकांची ‘वेळ, जागा आणि पद्धत’ राज्याचे विधिमंडळ ठरवेल असे कलम आहे. त्यावरून नॉर्थ कॅरोलिनाच्या विधिमंडळाने असा दावा केला की मतदारसंघांच्या नकाशात राज्याच्या न्यायालयांनी पडूच नये. २७ जून २०२३ रोजी मूर विरुद्ध हार्पर निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी हा दावा फेटाळला. तिकडे नकाशा विधिमंडळ आखते आणि भांडण त्यावरून होते. आपल्याकडे विधानसभेचा नकाशा आमदारांच्या हातात नाही. प्रभागांचा आहे, सरकारी आदेशाच्या वाटेने; म्हणून तुलना करायचीच तर मडगावच्या प्रभागांशी करा.

२२. याचिकेत आमदाराची निवडणूक रद्द झाली, तर त्याने मधल्या काळात दिलेली मते, मंजूर झालेली विधेयके बाद होतात का?

होत नाहीत. १९५१ च्या कायद्याच्या कलम १०७ प्रमाणे निवडणूक रद्द ठरण्याआधी त्याने सभागृहात ज्या कामकाजात भाग घेतला ते त्या कारणाने अवैध ठरत नाही. रद्द होण्याचा परिणाम त्या दिवसापासून पुढे. अपील करायचे असेल तर आदेशाला स्थगिती मागता येते, आणि ती मिळाली तर कुठल्या अटींवर, हे आदेशातच वाचावे: कधी सभागृहात बसता येते पण मत देता येत नाही.